मुकुटबनच्या आभाळातली रेघ

भारताच्या नकाशावर एक टाचणी कानपूरच्या चकेरी विमानतळावर टोचावी, दुसरी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या धावपट्टीवर टोचावी आणि दोन्हींच्या मध्ये दोरा ताणावा. हा दोरा नागपूरच्या जरा पूर्वेकडून खाली येतो, चंद्रपूर डावीकडे आणि वणी उजवीकडे ठेवतो आणि वर्धा-पैनगंगेच्या संगमाच्या आसपास नदी ओलांडून पलीकडे जातो. यवतमाळ जिल्ह्यातले मुकुटबन तिथून पश्चिमेला जेमतेम वीस किलोमीटरवर आहे.

कंडम ठरलेली, मुद्दाम मोडून टाकलेली बॉम्बफेकी विमाने १९४८ पासून डागडुजी होऊन याच दिशेने एकेक करून उडत गेली. कुठल्याही परदेशाने ती भारताला बॉम्बफेकी विमाने म्हणून दिली नव्हती. भंगारातून ती आपल्या लोकांनी उभी केली होती आणि पुढे त्यांतल्या अनेकांनी आपला मुक्काम पुण्यात, लोहगावला टाकला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या बॉम्बफेकी ताफ्याची ही कथा महाराष्ट्राच्या डोक्यावरून गेली आणि महाराष्ट्रातच नांदली, तरी आपल्याकडे ती फारशी सांगितली गेलेली नाही.

विमानाचे नाव लिबरेटर, म्हणजे मुक्तिदाता. अमेरिकेच्या कन्सॉलिडेटेड कंपनीने त्याची रचना केली. युद्धाच्या पाच-सहा वर्षांत अशी अठरा हजारांहून अधिक विमाने तयार झाली. दुसऱ्या कुठल्याही अमेरिकन लढाऊ विमानाची एवढी संख्या कधी झाली नाही. मोटारगाड्या बनवणाऱ्या फोर्ड कंपनीने विलो रन येथे त्यासाठी प्रचंड कारखाना घातला. १९४४ मध्ये तो ऐन भरात असताना जवळजवळ दर तासाला तिथून एक विमान बाहेर पडत असे.

पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिबरेटर ११० फूट भरे. पंखावर चार इंजिने, प्रत्येक चौदा सिलिंडरचे आणि बाराशे अश्वशक्तीचे. पोट खोल आणि चौकोनी. बॉम्ब ठेवण्याच्या कप्प्याची दारे खाली उघडत नसत. दुकानाचे शटर गुंडाळावे तशी ती बाजूने वर सरकत. त्या कप्प्यातून पुढून मागे जायला वीतभर रुंदीची पट्टी होती. एका बाजूला बॉम्ब, दुसऱ्या बाजूला बॉम्ब आणि मधल्या पट्टीवर पाय जपून टाकत चालणारा माणूस. पेट्रोलच्या वाफा याच भागात साचत, म्हणून उडताना कित्येक वैमानिक ती दारे थोडीशी किलकिली ठेवत.

ही विमाने भारतात आली ती ब्रह्मदेशच्या लढाईसाठी. १९४२ पासून ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर पथके बंगालमध्ये उतरू लागली. सालबनी, डिगरी, धुबुलिया अशा एरवी कुणाला ठाऊक नसलेल्या गावांच्या मैदानांवर लांबलचक धावपट्ट्या झाल्या. तिथून ही विमाने रंगून, बँकॉक आणि मलायापर्यंत जात. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचे पूल पाडणे, बंदरांत पाणसुरुंग टाकणे, जपानी रसद तोडणे ही त्यांची कामे. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये १५९ क्रमांकाच्या पथकाने पेनांगच्या बंदरात पाणसुरुंग पेरले. जाऊन-येऊन सुमारे तीन हजार मैलांचा प्रवास, बहुतेक समुद्रावरून. परतीला टाकीत किती पेट्रोल उरेल याचा हिशेब तेव्हा गॅलनागॅलनाने मांडावा लागे.

विमानात आठ ते अकरा माणसे असत. पुढे दोन वैमानिक, शिवाय दिशादर्शक, बिनतारी यंत्रावर बसणारा, बॉम्ब टाकणारा आणि नाकापासून शेपटीपर्यंत बसलेले बंदूकधारी. बहुतेकांचे वय वीस-बावीस. एकाने चूक केली की ती सगळ्यांना भोवणार, हे प्रत्येकाला माहीत असे.

१५९ क्रमांकाच्या पथकातले एक लिबरेटर १९४५ च्या जानेवारीअखेरीस ब्रह्मदेशावर गेले आणि निकामी झाले. माणसे हवाई छत्र्यांनी इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात उतरली आणि जपान्यांच्या हाती लागली. त्यांत स्टॅन्ली वुडब्रिज नावाचा बिनतारी यंत्रचालक होता. संकेतलिपी आणि यंत्राची माहिती काढून घेण्यासाठी त्याचा अनन्वित छळ झाला. तो बोलला नाही. ७ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याचा आणि त्याच्या सोबत्यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला तो १९४८ मध्ये. म्हणजे एका लिबरेटरच्या चालकदलाच्या शौर्यावर लंडनमध्ये मोहोर उमटली, त्याच वर्षी त्याच जातीची मोडकी विमाने कानपूरच्या माळावर पुन्हा उभी केली जात होती.

ती मोडली कशी, यामागे युद्धाचा एक व्यवहार आहे. अमेरिकेने आपल्या दोस्तांना शस्त्रे दिली ती १९४१ च्या उसनवारी-भाडेपट्टी कायद्याखाली. युद्ध संपताच तो व्यवहार मिटला. विमाने एकतर परत करायची, नाहीतर विकत घ्यायची, नाहीतर वापरता येणार नाहीत अशी करून टाकायची. युद्धाने पिचलेल्या ब्रिटनकडे विकत घ्यायला पैसा नव्हता आणि अमेरिकेला हजारो जुनी विमाने परत नको होती. त्यामुळे बंगालमधली आणि हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरची लिबरेटर कानपूरला आणून उभी करण्यात आली. तिथे त्यांच्या अंगाला भोके पाडली, यंत्रांच्या तबकड्या फोडल्या, इंजिनांत वाळू ओतली. ही विमाने पुन्हा कधीही उडू नयेत, एवढाच हेतू त्यामागे होता. मग त्यांच्यावर कानपूरचे पावसाळे पडले, लू वाहिली आणि चाकांभोवती गवत वाढले.

वाळू म्हणजे नेमके काय, हे ज्याने कधी शेतावरचे ऑइल इंजिन खोलले आहे त्याला वेगळे सांगायला नको. सिलिंडरच्या आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी लागते. तिथे वाळूचा एक कण गेला तरी पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तो भिंतीवर चरा ओढतो. चरा पडला की दाब निसटतो, तेल वर चढते, इंजिन धूर ओकते आणि शेवटी जाम होते. लिबरेटरच्या एका इंजिनात अशी चौदा सिलिंडर, एका विमानात छप्पन्न. वाळू काढायची तर इंजिन फुंकून भागत नाही. ते नटाबोल्टापर्यंत सुटे करावे लागते, प्रत्येक नळी, प्रत्येक चाळणी, तेलाची प्रत्येक वाट धुवावी लागते आणि मग पुन्हा जोडावे लागते.

असल्या उद्योगात देश का पडला, तर गरज तशी होती. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झाला. फाळणीनंतर आपल्या वाट्याला आलेल्या हवाई दलाकडे टेंपेस्ट आणि स्पिटफायरसारखी लढाऊ विमाने होती, डाकोटासारखी मालवाहू होती; मोठे बॉम्बफेकी विमान एकही नव्हते. एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या माणसांनी काश्मीरच्या आघाडीवर डाकोटांच्या दारातून बॉम्ब बाहेर ढकलून वेळ निभावली. मालवाहू विमानाचे दार उघडे ठेवून हातांनी बॉम्ब लोटण्याची पाळी ज्या देशावर येते, त्या देशाला कानपूरच्या माळावर पडलेल्या विमानांकडे पुन्हा वळून पाहावेच लागले.

काम हिंदुस्थान एअरक्राफ्टकडे आले. या कारखान्याचे मूळ आपल्या सोलापूरच्या मातीत आहे. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद १९३९ मध्ये परदेशाहून परत येत होते. त्या प्रवासात विमानांच्या धंद्यात असलेल्या विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी त्यांची गाठ पडली आणि भारतात विमाने बनवायची कल्पना त्यांनी मनावर घेतली. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल देऊन साथ दिली आणि १९४० च्या डिसेंबरमध्ये बंगळूरला कारखाना स्थापन झाला. पुढे सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत हा कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीसाठी राबला. कॅटलिना जातीची पाण्यावर उतरणारी विमाने बेळ्ळंदूरच्या तलावात उतरत आणि कारखान्यात दुरुस्तीला येत. बंगळूरच्या कामगारांच्या हातांखालून या काळात कितीतरी अमेरिकन विमाने गेली. अमेरिकन नट, अमेरिकन इंजिन, अमेरिकन नियमावल्या त्यांना परक्या राहिल्या नाहीत. १९४८ मध्ये कानपूरला जे जमले त्याची शिकवणी बंगळूरच्या त्या पत्र्याच्या छपरांखाली आधीच झाली होती.

कारखान्याची माणसे कानपूरला गेली. जी विमाने सर्वांत कमी मोडली होती त्यांच्यावर आधी हात घातला गेला. एका विमानाचे शेपूट चांगले, दुसऱ्याचे चाक शाबूत, तिसऱ्याचे एखादे इंजिन वाचण्यासारखे. एकाचे अवयव दुसऱ्याला लावत, भोकांवर पत्रे रिव्हेट करत विमान एकदा तरी हवेत जाऊ शकेल इतपत उभे करायचे, एवढेच कानपूरचे काम. खरी दुरुस्ती बंगळूरला. तिथे विमान पूर्ण खोलून, तपासून, नव्याने बांधून हवाई दलाच्या ताब्यात द्यायचे. कानपूर ते बंगळूर हा सुमारे पंधराशे किलोमीटरचा प्रवास मात्र त्या अर्ध्या-मुर्ध्या विमानाला स्वतःच्या पंखांवर करावा लागणार होता. एवढे मोठे धूड रेल्वेच्या वाघिणीत मावत नव्हते आणि त्या काळच्या रस्त्यांवरून जाणे शक्य नव्हते.

ही विमाने उडवून नेली कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुनशी यांनी. सगळे त्यांना जिमी म्हणत. लिबरेटर चालवण्याचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. विमानाची माहितीपुस्तिका वाचून आणि आपल्या हातांवर भरवसा ठेवून ते बसले. बॉम्बफेकी विमानाच्या पूर्ण चालकदलाऐवजी सोबत मोजकीच माणसे. युद्धातल्या वैमानिकाला खालून येणाऱ्या तोफांचे भय असे. मुनशींना भय होते ते विमानाचेच. कुठल्या सिलिंडरमध्ये वाळूचा कण राहिला असेल, कुठल्या टाकीचे रबर उन्हाने तडकले असेल, जमिनीवर ठीक दिसणारी कुठली वायर हवेत दगा देईल, हे प्रत्यक्ष उडाल्याशिवाय कळणार नव्हते. आणि एकदा नव्हे. एक विमान बंगळूरला पोचवायचे, परत कानपूरला यायचे, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या मोडक्या विमानात बसायचे. अशी बेचाळीस विमाने उभी राहिली.

विमान सुरू करण्याचा एक विधी असे. ताऱ्याच्या आकारात मांडलेल्या सिलिंडरांचे इंजिन बराच वेळ बंद राहिले की तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच सुरू केले तर ते तेल दाबले जात नाही आणि इंजिनच फुटते. म्हणून आधी फिटर पंख्याच्या पात्याला खांदा लावतात आणि तो हातांनी फिरवतात. एक पाते, दुसरे, तिसरे. तेल निथळून गेले की बाजूला होतात. चार इंजिनांचे चार पंखे. मग एकेक इंजिन खोकत, निळा धूर सोडत पेट घेते. मला या सगळ्या इतिहासात हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. पात्याला खांदा लावणाऱ्या माणसाला त्या इंजिनाचा प्रत्येक चरा ठाऊक असतो, कारण ते त्यानेच सुटे करून पुन्हा जोडलेले असते. वैमानिक जिवावर उदार होऊन वर जातो हे खरे. पण तो ज्या भरवशावर जातो, तो या खांद्याचा असतो.

आता पुन्हा नकाशावरच्या त्या दोऱ्याकडे येऊ. १९४८ मध्ये मुकुटबन वणी तालुक्यात होते आणि यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. दक्षिणेला पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबाद, म्हणजे निजामाचे राज्य. देश स्वतंत्र होऊन वर्ष लोटले तरी नदीच्या त्या काठावर स्वातंत्र्य पोचले नव्हते. रझाकारांच्या जुलमामुळे माणसे नदी ओलांडून अलीकडे येत. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि पैनगंगेचे दोन्ही काठ एका देशाचे झाले. त्यानंतर दीड महिन्याने, २ नोव्हेंबर १९४८ रोजी, कानपूरला लिबरेटर विमानांचे पाच क्रमांकाचे पथक उभे राहिले. स्वतंत्र भारताचे ते पहिले मोठे बॉम्बफेकी पथक. विंग कमांडर दंत्रा त्याचे पहिले प्रमुख.

काश्मीरच्या युद्धात या विमानांना फारसे काही करता आले नाही, कारण १ जानेवारी १९४९ पासून युद्धविराम झाला. पण देशाच्या हाती लांब पल्ल्याचे हत्यार आले होते, आणि ते उसने नव्हते.

यानंतर लिबरेटरचे नाव पुण्याशी जोडले गेले. लोहगावचा विमानतळ मुंबईच्या संरक्षणासाठी १९३९ मध्ये झालेला. तिथे १९५१ च्या जानेवारीत सहा क्रमांकाचे पथक लिबरेटर घेऊन नव्याने उभे राहिले. समुद्रावर टेहळणी करणे हे त्याचे काम. बंगालच्या उपसागरावरून पेनांगला जाणारी विमाने आता अरबी समुद्रावर तासन् तास घिरट्या घालू लागली. समुद्रावरच्या टेहळणीला वेगापेक्षा चिकाटी लागते, आणि लिबरेटरच्या टाक्यांत ती भरपूर होती. पोटातल्या बॉम्बच्या कप्प्याला नवे काम मिळाले आणि पुढे रडारही बसले.

१९५७ पासून हवाई दलात कॅनबेरा ही जेट बॉम्बफेकी विमाने येऊ लागली आणि बॉम्ब टाकण्याचे काम त्यांनी घेतले. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी गोवा मुक्तीसाठी दाबोळीची धावपट्टी उखडली ती लोहगावहून उडालेल्या कॅनबेरांनीच. तरीही म्हातारी लिबरेटर त्याच तळावर आपले काम करत राहिली. जगातल्या बाकीच्या हवाई दलांनी ती केव्हाच मोडीत काढली होती. आपल्याकडे ती ३१ डिसेंबर १९६८ पर्यंत सेवेत होती. वाळू घातलेल्या इंजिनांची विमाने बनल्यापासून जवळपास पाव शतक आणि मोडल्यापासून वीस वर्षे हवेत राहिली, ती त्यांच्या देखभालीला उभ्या राहिलेल्या पुण्याच्या आणि बंगळूरच्या फिटरांच्या हातांमुळे.

एका विमानाची हकिकत या सगळ्याची साक्ष म्हणून पुरेशी आहे. फोर्डच्या विलो रन कारखान्यात बनलेले हे लिबरेटर ब्रिटिश हवाई दलात केएन ७५१ या क्रमांकाने आले आणि १९४५ मध्ये ९९ क्रमांकाच्या पथकाबरोबर कोकोस बेटांवर होते. युद्ध संपताना या पथकाच्या विमानांनी जपान्यांच्या छावण्यांत उपाशी पडलेल्या कैद्यांसाठी अन्न आणि औषधे टाकली. मग कानपूरचा माळ. मग हिंदुस्थान एअरक्राफ्टचे हात. मग एचई ८०७ हा नवा भारतीय क्रमांक आणि सहा क्रमांकाच्या पथकातली नोकरी. १९७४ मध्ये भारताने ते ब्रिटनला भेट दिले आणि भारतीय चालकदलाने ते तिथवर उडवत नेले. आज ते लंडनला हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. ज्या हवाई दलाने ही विमाने कायमची निकामी करून मागे सोडली, त्याच्याच दारात त्यांतले एक आपल्या पंखांनी उडत जाऊन उभे राहिले.

ते एकटे नाही. कॅनडाला एक गेले, अमेरिकेला ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात एक पोचले, आणखी एक अमेरिकेत डागडुजी होऊन १९८९ पासून कित्येक वर्षे लोकांना आकाशात फिरवत राहिले. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आपलेही एक आहे. जगात आज शिल्लक असलेल्या मोजक्या पूर्ण लिबरेटरांपैकी मोठा वाटा कानपूरच्या भंगारातून उठलेल्या विमानांचा आहे. बनलेल्या अठरा हजारांतली बाकीची बहुतेक एकतर युद्धात पडली, नाहीतर मोडीत निघून वितळवली गेली.

युद्धांचा इतिहास आपण किल्ल्यांच्या आणि तलवारींच्या भाषेत वाचत आलो. त्यात लढणारा असतो, पडणारा असतो. तुटलेले जोडणारा क्वचित भेटतो. वुडब्रिजच्या मौनाला पदक मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते. पण छप्पन्न सिलिंडरांतली वाळू कणाकणाने उपसणाऱ्या माणसांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवीत, असे मला मनापासून वाटते. हैदराबादच्या मुक्तीच्या वर्षी, काश्मीर पेटलेले असताना, दुसऱ्याच्या मोडक्या सामानावर हात ठेवून 'हे उडेल' म्हणण्याची हिंमत या नव्या देशात होती. ती हिंमत कुठल्या भाषणात नव्हती, ती पान्यावर घट्ट बसलेल्या मुठीत होती.

पालमला मुलांना नेले तर त्या विमानाच्या पोटाखाली उभे करावे. वर बघायला सांगावे. पत्र्यावर रिव्हेटच्या रांगा असतात, हाताने मारलेल्या. प्रत्येक रिव्हेट एका माणसाने मारलेला असतो आणि दुसऱ्याने आतून धरलेला असतो.

वणी-मुकुटबनच्या काळ्या मातीत दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. १९४८ च्या त्या दिवसांत ओटीत बोंडे वेचताना एखाद्या बाईने मान वर केली असेल, सोबतच्या पोराने पूर्वेकडे बोट दाखवून 'इमान' म्हटले असेल. तेवढ्या दुरून त्यांना वाळू दिसली नसती, ठिगळे दिसली नसती, आत बसलेली मोजकी माणसे दिसली नसती. वाऱ्याची दिशा बरोबर असती तर नुसती घरघर ऐकू आली असती. ती एकसारखी असती, मध्ये न तुटणारी, कारण चारही इंजिने चालू होती.